ओलिव्हिए मेस्याँ

ओलिव्हिए मेस्याँ (जन्म : १० डिसेंबर १९०८, आव्हिन्याँ, फ्रान्स, मृत्यू : २७ एप्रिल १९९२, क्लिशी, फ्रान्स) हे विसाव्या शतकातील अग्रगण्य फ्रेंच संगीतरचनाकार, ऑर्गनवादक, संगीतशिक्षक आणि पक्षिस्वरांचे अभ्यासक होते. पॅरिसमधील ला त्रिनिते या चर्चमध्ये त्यांनी ६० वर्षांहून अधिक काळ ऑर्गनवादकाची सेवा केली. ऑर्गनसाठी आणि पियानोसाठी त्यांनी केलेल्या रचना पाश्चात्त्य संगीताच्या मैफलींत आजही नियमितपणे सादर होतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना त्यांनी लिहिलेले 'काळाच्या अंतासाठी चतुष्टय' आणि दोन पियानोंसाठीची 'व्हिजियाँ द लामेन' या त्यांच्या विशेष गाजलेल्या कृती होत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथातील देशी तालांचा त्यांनी आपल्या रचनांत आयुष्यभर उपयोग केला. त्यामुळे महाराष्ट्राच्या संगीतेतिहासाशीही त्यांचे नाव जोडले गेले आहे.

बालपण

मेस्याँ यांचे वडील पिएर मेस्याँ हे इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांनी शेक्सपिअरची नाटके फ्रेंचमध्ये अनुवादित केली. आई सेसिल सोव्हाज कवयित्री होती. ओलिव्हिए पोटात असताना तिने होणाऱ्या बाळाला उद्देशून कवितांची एक माला लिहिली होती. या कवितांचा आपल्या घडणीवर परिणाम झाला, असे मेस्याँ पुढे आवर्जून मानत. त्यांचे धाकटे बंधू आलँ हेही कवी झाले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर वडील सैन्यात गेले आणि आई दोन्ही मुलांना घेऊन आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या ग्रनोब्ल येथे राहावयास गेली. तेथे ओलिव्हिए कोणाच्याही मार्गदर्शनाविना पियानो वाजवू लागले. खेळण्यातल्या रंगमंचावर शेक्सपिअरची नाटके करणे आणि रंगीत पारदर्शक कागदातून त्यावर प्रकाश पाडणे हा त्यांचा आवडता खेळ होता. नाताळात भेट म्हणून ते खेळण्यांऐवजी संगीताच्या स्वरलिपीची पुस्तके मागून घेत. युद्ध संपल्यावर कुटुंब काही काळ नांत या शहरी राहिले. तेथील एका शिक्षकाने दहा वर्षांच्या या मुलाला क्लोद दब्यूसी यांच्या 'पेलेआस ए मेलिसांद' या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली. या भेटीने संगीतरचनाकार होण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. डोंगरांविषयीचे प्रेम मात्र त्यांना ग्रनोब्लमध्ये जडले ते कायमचे. पुढे उन्हाळ्यात त्याच परिसरात राहून ते आपल्या बहुतेक रचना लिहीत.

शिक्षण

१९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, मेस्याँ यांनी पॅरिसच्या शासकीय संगीत विद्यालयात प्रवेश घेतला. मार्सेल द्युप्रे यांच्याकडे ऑर्गनवादन, पोल द्युका यांच्याकडे संगीतरचना आणि मोरिस एमान्युएल यांच्याकडे संगीताचा इतिहास असे त्यांचे शिक्षण झाले. एमान्युएल यांच्यामुळे प्राचीन ग्रीक वृत्ते आणि लोकसंगीतातील स्वरसमूह यांची त्यांना गोडी लागली. द्युका आपल्या विद्यार्थ्यांना पक्ष्यांचे गाणे ऐकण्याचा सल्ला देत आणि हा सल्ला मेस्याँ यांनी शब्दशः पाळला.

१९२७ मध्ये क्षयाने त्यांच्या आईचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी ऑर्गनसाठी 'ल बांके सेलेस्त' (स्वर्गीय भोजन) ही रचना केली. ती त्यांच्या प्रकाशित रचनांपैकी अगदी आरंभीची होय. १९२९ मध्ये ऑर्गनवादनात व १९३० मध्ये रचनाशास्त्रात प्रथम पारितोषिक मिळवून त्यांनी शिक्षण पूर्ण केले.

ला त्रिनिते चर्चमधील सेवा

१९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मेस्याँ यांची ला त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. तेथील ऑर्गन एकोणिसाव्या शतकातील विख्यात वाद्यनिर्माते आरिस्तीद कावाये-कोल यांनी घडवलेला होता.

मराठी वाचकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकांतील पायाने भाता मारण्याचे वाद्य आठवते. हे वाद्य पत्तीच्या कंपनाने वाजते आणि ते हार्मोनियमच्या जवळचे आहे. हार्मोनियमचे पेटंट आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसमध्येच घेतले होते. चर्चमधील ऑर्गन याहून निराळा असतो. त्यात शेकडो किंवा हजारो नळ्यांमधून हवा खेळवून स्वर काढतात. हातांसाठी स्वरपट्ट्यांच्या एकाहून अधिक रांगा आणि पायांसाठी स्वतंत्र पट्ट्या असतात. नळ्यांचे निरनिराळे गट खटक्यांनी चालू-बंद करून स्वराचा रंग पालटता येतो. कावाये-कोल यांच्या वाद्यांवर संपूर्ण वाद्यवृंदाचा भास निर्माण करता येत असे. त्यामुळे सेझार फ्रांक यांच्यापासून फ्रेंच रचनाकारांची एक मोठी परंपरा या वाद्यांभोवती उभी राहिली आणि मेस्याँ याच परंपरेतील होते.

रविवारच्या प्रार्थनांत ते उत्स्फूर्त वादन करीत. त्यांचे अनोळखी स्वरसंवाद काही भाविकांना रुचत नसत आणि त्याविषयी तक्रारीही होत. १९३५ मध्ये त्यांनी ऑर्गनसाठी 'ला नातिव्हिते द्यु सेन्यर' (प्रभूचा जन्म) ही नऊ चिंतनांची माला लिहिली. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी तिचे पहिले सादरीकरण ला त्रिनिते चर्चमध्येच झाले. १९३६ मध्ये आंद्रे जोलिव्हे, दानिएल-लेस्युर आणि इव्ह बोद्रिए यांच्यासह त्यांनी 'ला जन फ्रांस' (तरुण फ्रान्स) हा गट स्थापन केला. त्या काळी पॅरिसमध्ये रूढ असलेल्या हलक्याफुलक्या, उपरोधिक संगीताऐवजी गंभीर आणि मानवी आशयाचे संगीत रचणे, हा या गटाचा हेतू होता.

देशी ताल आणि देवगिरी

विद्यार्थिदशेनंतर लवकरच मेस्याँ यांना अल्बेर लाव्हिन्याक यांच्या फ्रेंच संगीतकोशातील भारतविषयक लेख वाचावयास मिळाला. १९१३ सालचा हा लेख जोआनी ग्रोसे या संस्कृतज्ञाने लिहिला होता आणि त्यात शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांची यादी दिली होती.

शार्ङ्गदेवाचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आले. वडील सोढल आणि स्वतः शार्ङ्गदेव हे देवगिरीच्या यादवांच्या सेवेत होते. सिंघण राजाच्या काळात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या सात अध्यायांपैकी पाचवा अध्याय तालाचा आहे. देशी तालांत कालमानाची मुख्य चिन्हे द्रुत (अर्धी मात्रा), लघु (एक), गुरू (दोन) आणि प्लुत (तीन) ही होत. एखाद्या मानाला विराम जोडला की ते दीडपट होते.

मेस्याँ यांना या यादीत आपल्या मनातील लयविचाराला आधार सापडला. पाश्चात्त्य संगीतात लय सामान्यतः समान ठोक्यांच्या विभागणीतून निर्माण होते. देशी तालांत मात्र लहानमोठी कालमाने एकापुढे एक ठेवून ताल तयार होतो आणि ठोके समान असण्याची गरज नसते. विरामाने एका मात्रेचा थोडा अंश वाढतो. मेस्याँ यांच्या 'वाढीव मूल्य' या संकल्पनेशी हे थेट जुळते. कोणत्याही लयीत एक लहानसे कालमान मिसळून तिचा नियमितपणा मोडावयाचा, अशी ही संकल्पना आहे. 'रागवर्धन' या तालाचे विवेचन त्यांनी आपल्या १९४४ सालच्या 'माझ्या संगीतभाषेचे तंत्र' या ग्रंथात सविस्तर केले आहे.

त्यांची दुसरी आवडती कल्पना म्हणजे सुलट आणि उलट सारखीच येणारी लय. उदाहरणार्थ, ३-५-८-५-३ ही कालमाने कोणत्याही टोकापासून मोजली तरी तीच राहतात. मराठीत 'चिमा काय कामाची' हे वाक्य जसे दोन्ही बाजूंनी वाचता येते किंवा संस्कृत चित्रकाव्यात गतागत हा प्रकार असतो, तसाच हा लयीचा प्रकार आहे. ज्या लयीला पुढे-मागे असा भेद नाही ती काळाच्या पलीकडची सूचना देते, असा त्यामागील त्यांचा विचार होता.

युद्धकैद आणि चतुष्टय

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी अधू असल्यामुळे मेस्याँ यांना लढाऊ तुकडीत न घेता वैद्यकीय साहाय्यकाचे काम देण्यात आले. १९४० च्या उन्हाळ्यात ते जर्मनांच्या हाती सापडले आणि ग्योर्लिट्स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांची रवानगी झाली. छावणीची जागा आज पोलंडमध्ये आहे. कैद्यांमध्ये आंरी आकोका हे क्लॅरिनेटवादक, झाँ ल बुलेर हे व्हायोलिनवादक आणि एतिएन पास्किए हे चेलोवादक होते. या तिघांसाठी आणि स्वतःच्या पियानोसाठी मेस्याँ यांनी 'क्वातुऑर पूर ला फँ द्यु तां' (काळाच्या अंतासाठी चतुष्टय) ही आठ भागांची रचना लिहिली. छावणीतील एका जर्मन अधिकाऱ्याने त्यांना कागद व पेन्सिली मिळवून दिल्या. १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत, कैदी आणि पहारेकरी यांच्यासमोर तिचे पहिले सादरीकरण झाले.

या प्रसंगाभोवती पुढे आख्यायिका निर्माण झाल्या. स्वतः मेस्याँ श्रोत्यांची संख्या हजारोंच्या घरात सांगत. प्रत्यक्षात छावणीच्या त्या सभागृहात काही शेच माणसे मावत होती. चेलोला तीनच तारा होत्या, असेही ते सांगत. पास्किए यांनी मात्र आपल्या वाद्याला चारही तारा होत्या, असे स्पष्ट केले. या तपशिलांमुळे रचनेचे मोल कमी होत नाही. उपासमार आणि अनिश्चितता यांत जगणाऱ्या चार कैद्यांनी मिळेल त्या वाद्यांवर अत्यंत अवघड संगीत बसवले, हे निर्विवाद आहे.

बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकात काळ संपल्याची घोषणा करणारा देवदूत येतो. रचनेचे नाव त्यावरून घेतले आहे. कैदेचे दिवस संपण्याशी त्याचा संबंध जोडणे मेस्याँ यांना मान्य नव्हते. संगीतातील भूत-भविष्याची ठरावीक मोजणी थांबावी, हा त्यामागील दुसरा अर्थ होता. पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांची जोडणी करून बांधली आहे. रागवर्धनाची ६, चंद्रकलेची ७ आणि लक्ष्मीशाची ४ अशी एकूण १७ कालमाने या आवर्तनात येतात. चंद्रकलेत तीन गुरू, तीन प्लुत आणि एक लघु असा क्रम स्पष्ट ऐकू येतो. याच वेळी पियानोचे स्वरसमूह २९ च्या आवर्तनात फिरत असतात. १७ आणि २९ या दोन्ही मूळसंख्या असल्यामुळे दोन्ही आवर्तनांचा आरंभ पुन्हा एकत्र येण्यास ४९३ स्वरसमूह लागतील. तो क्षण येण्याच्या पुष्कळ आधीच हा भाग थांबतो. आवर्तने चालू आहेत, पण त्यांची सम गाठली जात नाही. 'काळाचा अंत' येथे लयीच्या गणितातूनच सूचित होतो.

दोन पियानोंसाठी 'व्हिजियाँ द लामेन'

१९४१ मध्ये सुटका होऊन मेस्याँ पॅरिसला परतले आणि शासकीय संगीत विद्यालयात स्वरसंवादशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या पहिल्याच वर्गात इव्होन लोरिओ ही असामान्य पियानोवादक विद्यार्थिनी होती. तिच्यासह वाजवता यावी म्हणून त्यांनी १९४३ मध्ये 'व्हिजियाँ द लामेन' (आमेनची दर्शने) ही सात भागांची रचना दोन पियानोंसाठी लिहिली. १० मे १९४३ रोजी जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये या दोघांनी ती प्रथम सादर केली.

एकाच पियानोवर दोघांनी बसून वाजवण्याचा प्रकार युरोपात घरोघरी रूढ होता. येथे मात्र दोन स्वतंत्र वाद्ये आहेत आणि त्यांची कामेही वेगळी आहेत. घंटानाद, पक्ष्यांचे स्वर, जलद आणि गुंतागुंतीची लय हे सारे पहिल्या पियानोकडे, म्हणजे लोरिओ यांच्याकडे होते. मुख्य धून आणि भावाचा भार मेस्याँ यांनी स्वतःच्या दुसऱ्या पियानोकडे ठेवला. 'सृष्टीचे आमेन' या पहिल्या भागात अतिशय मंद सुरांतून धून हळूहळू उंचावत जाते आणि तीच धून शेवटच्या भागात पूर्ण तेजाने परत येते. ऑर्गनवादकाला परिचित असलेले दीर्घ, साठत जाणारे ध्वनी मेस्याँ यांनी येथे पियानोवर आणले. या रचनेनंतर त्यांनी पियानोसाठी जे जे लिहिले, ते बहुतेक लोरिओ यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले.

कौटुंबिक जीवन

१९३२ मध्ये मेस्याँ यांचा विवाह व्हायोलिनवादक आणि रचनाकार क्लेर देल्बोस यांच्याशी झाला होता. त्यांना १९३७ मध्ये पास्काल हा मुलगा झाला. 'पोएम पूर मी' ही गीतमाला मेस्याँ यांनी पत्नीसाठी लिहिली. 'मी' हे तिचे लाडके नाव होते. युद्धानंतरच्या काळात एका शस्त्रक्रियेनंतर क्लेर यांची स्मृती ढासळू लागली. पुढे त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले आणि १९५९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ही सर्व वर्षे मेस्याँ यांनी मुलाचा सांभाळ, अध्यापन, चर्चमधील सेवा आणि रचना यांत घालवली. लोरिओ यांच्याशी त्यांचा विवाह १९६१ मध्ये झाला.

'तुरंगलीला' आणि पुढील प्रयोग

१९४६ ते १९४८ या काळात मेस्याँ यांनी बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी 'तुरंगलीला सिम्फनी' ही दहा भागांची भव्य रचना लिहिली. २ डिसेंबर १९४९ रोजी लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली बॉस्टन येथे तिचे पहिले सादरीकरण झाले. तिचे नाव 'तुरंगलील' या देशी तालावरून आले आहे. तुरंग म्हणजे वेगाने धावणारा घोडा, म्हणून काळाची गती. आणि लीला म्हणजे सृष्टी व संहार यांचा खेळ, तसेच प्रेम, असा अर्थ मेस्याँ यांनी लावला होता. १९५१ सालच्या 'लिव्र दॉर्ग' या ऑर्गन-रचनासंग्रहाच्या पहिल्या भागात प्रतापशेखर, गजझंप आणि सारस हे ताल जणू तीन पात्रे असावीत, अशा रीतीने योजले आहेत. एकाची कालमाने वाढतात, दुसऱ्याची घटतात आणि तिसरा स्थिर राहतो.

पक्षिस्वरांचा अभ्यास

पक्ष्यांना मेस्याँ श्रेष्ठ संगीतकार मानत. वही घेऊन पहाटे रानात जावे आणि पक्ष्यांचे गाणे ऐकता ऐकता स्वरलिपीत उतरवावे, हा त्यांचा अनेक दशकांचा परिपाठ होता. १९५० नंतरच्या त्यांच्या रचनांत पक्षिस्वरांना केंद्रस्थान मिळाले. १९५६ सालच्या 'वाझो एग्झोतिक' (परदेशी पक्षी) या रचनेत भारतीय डोंगरी मैना आणि शामा यांचे स्वर असून त्यांच्या जोडीला देशी तालही आहेत. 'कातालॉग द्वाझो' (पक्ष्यांची सूची, १९५६-५८) हा १३ पियानोरचनांचा संग्रह फ्रान्सच्या निरनिराळ्या प्रदेशांतील पक्षी आणि त्यांचा परिसर यांचे चित्रण करतो.

अध्यापन

मेस्याँ यांचा वर्ग युरोपातील नव्या संगीताचे केंद्र बनला. पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन, यानिस झेनाकिस, त्रिस्ताँ म्युराय आणि जॉर्ज बेंजामिन हे त्यांचे विद्यार्थी होत. विद्यार्थ्यांनी आपले अनुकरण करावे, असा त्यांचा आग्रह नसे. बुलेझ यांनी तर गुरूच्या काही रचनांवर उघड टीका केली, तरी दोघांमधील आदर टिकून राहिला. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या झेनाकिस यांना त्यांनी पारंपरिक अभ्यासक्रमात न अडकता गणिताचा उपयोग संगीतात करण्यास सांगितले. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

'सें फ्रांस्वा दासीझ' हा संत फ्रान्सिस यांच्यावरील त्यांचा एकमेव ऑपेरा २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. त्याची संहिताही त्यांचीच होती. १९८४ मध्ये पूर्ण केलेला 'लिव्र द्यु सें साक्रमां' हा १८ भागांचा संग्रह ऑर्गनसाठीची त्यांची अखेरची मोठी कृती होय. १९७१ मध्ये त्यांना इरॅस्मस पुरस्कार आणि १९८५ मध्ये क्योतो पुरस्कार मिळाला.

२७ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसजवळील क्लिशी येथे त्यांचे निधन झाले. ग्रनोब्लच्या परिसरातील सें-तेओफ्रे येथे त्यांची समाधी आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी लिहिलेली 'एक्लेर स्युर लोदला' (पलीकडील जगाची चमक) ही त्यांची अखेरची पूर्ण रचना त्यांना स्वतःला ऐकावयास मिळाली नाही. ५ नोव्हेंबर १९९२ रोजी तिचे पहिले सादरीकरण मुंबईत जन्मलेले संगीतसंचालक झुबिन मेहता यांनी केले. लय, रंग आणि पक्षिशास्त्र यांवरील मेस्याँ यांचा सात खंडांचा ग्रंथ लोरिओ यांनी १९९४ ते २००२ या काळात प्रकाशित केला. त्याच्या पहिल्या खंडात १२० देशी तालांचे विवेचन आहे.

संगीतशैली आणि मूल्यमापन

स्वर ऐकताच मेस्याँ यांना मनात विशिष्ट रंग दिसत. स्वरसमूहांची निवड ते या रंगांनुसार करीत. सप्तकातील बारा स्वरांतून त्यांनी असे सात स्वरसमूह निश्चित केले, की ज्यांचा आधारस्वर बदलत नेल्यास थोड्याच पायऱ्यांनंतर तेच स्वर पुन्हा हाती येतात. कॅथलिक श्रद्धा, मानवी प्रेम आणि निसर्ग हे त्यांच्या संगीताचे तीन मुख्य विषय होत.

देशी तालांचा त्यांनी केलेला वापर भारतीय पद्धतीचा नाही. त्यात ठेका, सम, खाली किंवा उपज अंग आढळत नाही. तालाचे आवर्तन धरून त्यावर विस्तार करण्याऐवजी त्यांनी प्रत्येक ताल ही एक स्वतंत्र लयाकृती मानली आणि तिच्या नावातून प्रतीकात्मक अर्थ काढले. त्यांचा हा परिचय ग्रंथावर आधारलेला होता. गुरुमुखातून आलेला नव्हता. म्हणून काही अभ्यासक यास भारतीय संगीताचा प्रभाव म्हणण्यापेक्षा एका यादीचे सर्जनशील वाचन म्हणणे पसंत करतात. दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. 'संगीतरत्नाकरा'तील बहुतेक देशी ताल आज भारतातील मैफलींत ऐकू येत नाहीत. देवगिरीला नोंदवले गेलेले रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश यांसारखे ताल फ्रेंच ऑर्गन आणि पियानो यांच्या रचनांमधून जगभर वाजत राहिले आहेत.

प्रमुख रचना

ऑर्गन : ल बांके सेलेस्त (१९२८), ला नातिव्हिते द्यु सेन्यर (१९३५), ले कोर ग्लोरिय (१९३९), मेस द ला पांतकोत (१९५०), लिव्र दॉर्ग (१९५१), लिव्र द्यु सें साक्रमां (१९८४).

पियानो : प्रेल्युद (१९२९), व्हिजियाँ द लामेन (दोन पियानोंसाठी, १९४३), व्हँ रगार स्युर लांफां-जेझ्यु (१९४४), कातालॉग द्वाझो (१९५८).

इतर : क्वातुऑर पूर ला फँ द्यु तां (१९४१), तुरंगलीला सिम्फनी (१९४८), वाझो एग्झोतिक (१९५६), सें फ्रांस्वा दासीझ (१९८३), एक्लेर स्युर लोदला (१९९१).